आकाशांतील शेजारधर्म

शेजारधर्म हा आपल्या भाषेंतील जुना शब्द आहे. ज्याची भिंत आपल्या भिंतीस लागून आहे त्याच्या अडीअडचणीस धांवून जावें, त्याच्या झोंपेच्या वेळीं आपल्या घरांत गलबला करूं नये, त्याच्या घरीं दुखणें असल्यास विचारपूस करावी, इतकें सारें त्या एका शब्दांत सांठविलेलें आहे. परंतु ज्या शेजाऱ्याची निवड आपण केलेली नाहीं, ज्याचें नांवहि आपणांस ठाऊक नाहीं, ज्याचें कोपर आपल्या कोपरास लागलेलें आहे, आणि ज्याच्यापासून पंधरा तास दूर जातां येत नाहीं, अशा शेजाऱ्याशीं कसें वागावें हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीस पडला नव्हता. लांब पल्ल्याच्या विमानप्रवासानें तो आपल्यापुढें आणून ठेविला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे मामा, काका, बहिणी आज परदेशीं आहेत. कित्येकांच्या आज्या लेकीच्या बाळंतपणासाठीं समुद्रापार जाऊन येतात. आणि आज जीं मुलें या शाळेच्या बाकांवर बसलीं आहेत त्यांपैकीं बरींच उद्यां तोच मार्ग धरणार आहेत. तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान प्रथम उडालें तेव्हां तें अवघे बारा सेकंद हवेंत राहिलें व १२० फूट गेलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें विमान उतरविलें. त्या लहानशा विमानांत ते एकटेच होते, सौजन्य दाखविण्यास शेजारी नव्हताच. पुढें ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनकडे निघालें, तें वाटेंत कैरो व जिनीव्हा येथें थांबलें. थांबा आला म्हणजे उतरावें, चार पावलें चालावें, मोकळी हवा घ्यावी, अशी त्या प्रवासाची रीत होती. आज मुंबईहून न्यूयॉर्ककडे थेट जाणारें विमान सुमारें साडेबारा हजार किलोमीटरांचें अंतर कोठेंहि न थांबतां कापतें. वेग वाढला, थांबे गेले. आणि थांब्यांबरोबर रागास ओसरण्यास जो अवकाश मिळत असे तोहि गेला.

या प्रवासांत शरीरावर काय प्रसंग येतो तें आधीं समजून घेतलें पाहिजे. बहुतेक प्रवाशांच्या वांट्यास येणारी खुर्ची जुन्या मापानें सांगावयाचें तर जेमतेम एक हात रुंद असते. विमान पस्तीस हजार फुटांच्या आसपास उडतें. बाहेरची थंडी शून्याखालीं पन्नास अंशांच्याहि पलीकडे गेलेली असते. आंत यंत्रांनीं हवेचा दाब राखलेला असतो खरा, परंतु तो जमिनीवरील दाबाइतका नसून सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच असतो. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें सुमारें ५,४०० फूट आहे. म्हणजे आपण कळसूबाईच्याहि वर, हातभर रुंदीच्या खुर्चीवर, पंधरा तास बसून राहतों असें म्हटल्यास चालेल. शिवाय ती हवा अत्यंत कोरडी. ओठ सुकतात, डोळे चुरचुरतात, डोकें जड होतें, पोट फुगल्यासारखें वाटतें, पाय सुजतात, आणि मुंबईची रात्र व न्यूयॉर्कचा दिवस यांची गल्लत होऊन झोंप उडते. अशा वेळीं मनुष्यास जो राग येतो तो पुष्कळ अंशीं शरीराचा राग असतो. तो शेजाऱ्यावर निघतो इतकेंच. शेजाऱ्याचा अपराध तिळाएवढा, परंतु आपली तहान, आपली झोंप आणि आपली भूक त्या तिळाचा डोंगर करितात.

हें आम्ही पुस्तकांवरून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस आमच्या धाकट्या बंधूकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. निघण्याच्या दिवसापर्यंत उत्तरपत्रिका तपासण्याचें काम चालूं होतें. आदल्या रात्रीं झोंप अशी झालीच नव्हती. विमान मध्यरात्रीनंतरचें, त्यापूर्वीं कित्येक तास विमानतळावर काढले, भोजन टाळलें, आणि चहामागून चहा घेतला. आमची जागा तिघांच्या ओळींत मधली. खिडकीशीं नऊवारी नेसलेल्या एक आजीबाई होत्या. त्या लेकीच्या बाळंतपणास प्रथमच निघाल्या होत्या. वाटेकडील जागीं एक तरुण आई व तिचें आठ-नऊ महिन्यांचें मूल. आजीबाईंस खुर्चीचा पट्टा लावतां येईना, म्हणून त्यांनीं आमची मदत मागितली. बोलतां बोलतां आम्ही शिक्षक आहों हें त्यांस कळलें. येथपर्यंत सर्व ठीक चाललें होतें.

विमान वर चढूं लागतांच तें मूल रडूं लागलें, आणि तें कांहीं केल्या थांबेना. आई त्यास खांद्यावर घेई, मांडीवर घेई, उभी राहूं पाही तों विमानसेविका तिला बसावयास सांगे. अर्धा तास झाला असेल. आमच्या कपाळाच्या शिरा ठणकत होत्या. शेवटीं आम्ही तिच्याकडे वळून म्हणालों, “बाई, एवढ्या लहान मुलाला घेऊन इतक्या लांबच्या प्रवासास निघावयाचें तर कांहीं तयारी करून यावें.” वर्गांतील मुलास ज्या सुरांत बोलतों तोच सूर. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें मान खालीं घातली आणि मुलाचें तोंड आपल्या पदराशीं दाबून धरलें, जणूं त्याचा आवाज आमच्यापासून लपवावा.

तेव्हां खिडकीकडून आवाज आला, “मास्तर, तुम्ही जरा इकडं सरका. मला तिच्याशेजारी येऊं द्या.” आम्ही निमूटपणें जागा बदलली. ज्या आजीबाईंस पट्टा लावतां येत नव्हता त्यांनीं त्या मुलास उचलून खांद्याशीं धरलें, त्याची पाठ थोपटली, आईस दूध तयार करावयास सांगितलें व चमच्याचमच्यानें पाजावयास लाविलें. “कान दडलेत त्याचे,” त्या म्हणाल्या. “आपल्याला सांगतां येतं, त्याला येत नाहीं, एवढंच.” थोड्या वेळानें मूल निजलें. त्या आईनें संध्याकाळपासून कांहीं खाल्लें नव्हतें हें तेव्हां कळलें. तिच्या पिशवींतून दुपटीं, दुधाची भुकटी, औषधाची बाटली, टोपडीं, सारें एकामागून एक नीट घडी घातलेलें निघालें. तयारी करून न आलेला मनुष्य त्या ओळींत एकच होता, आणि तो उत्तरपत्रिका तपासून आलेला होता.

तिची क्षमा मागण्यास आम्हांस नऊ तास लागले. मागितली तेव्हां ती हंसून म्हणाली, “तुम्ही फार दमला होतां, सर.” मुलांच्या वर्तनास गुण देण्याचें काम आम्ही वीस वर्षें करीत आलों आहों. त्या दिवशीं आमच्या वर्तनास कोणी गुण दिले असते तर ते किती पडले असते याचा हिशेब आम्ही अजून करितों.

यावरून आमचें जें मत बनलें तें असें: प्रवासांतील सौजन्य विमानांत सुरू होत नाहीं, तें घरींच, आदल्या दिवशीं सुरू होतें. थकलेल्या, उपाशी व तहानलेल्या मनुष्यास “शांत राहा” असा उपदेश करणें व्यर्थ आहे. स्वतःच्या शरीराची काळजी घेणें ही केवळ स्वतःच्या हिताची बाब नव्हे, तें शेजाऱ्याप्रत आपलें पहिलें कर्तव्य आहे. म्हणून निघण्यापूर्वीं एक रात्र तरी पुरी झोंप घ्यावी. हलकें कां होईना, जेवून निघावें. औषधें, चष्मा, एक सैल गरम वस्त्र, वाचावयाचें पुस्तक, हीं पायाशीं ठेवलेल्या पिशवींत असावीं, म्हणजे वरचा सामानाचा कप्पा घडोघडी उघडून इतरांच्या डोक्यावर उभें राहावें लागत नाहीं. विमानांत पाणी वारंवार व थोडें थोडें प्यावें. मद्यानें शरीर अधिकच सुकतें व झोंप तुटक होते, तें दूर ठेवावें. तासा-दोन तासांनीं पायांचे घोटे फिरवावे, टांचा उचलाव्या, आणि वाट मोकळी असेल तेव्हां एक फेरी मारून यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, चार तास किंवा अधिक वेळ एका जागीं बसून प्रवास केल्यास शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारें दुप्पट होतो. तरी तो सहा हजारांत एकास इतकाच असल्यामुळें भिण्याचें कारण नाहीं, सावधपणा मात्र असावा. वाटेकडील प्रवाशानें हें ध्यानांत ठेवावें कीं, आंतला मनुष्य “जरा उठतां का?” असें विचारतो तो आपणांस छळण्यासाठीं नव्हे.

आजीबाईंनीं सांगितलेली कानाची गोष्टहि शास्त्रास धरून आहे. विमान चढतांना, आणि विशेषतः उतरतांना, हवेचा दाब पालटतो. घशापासून कानापर्यंत जी बारीक नळी आहे ती वेळेवर उघडली नाहीं तर कानाचा पडदा ताणला जाऊन दुखतो. आपण आवंढा गिळतों किंवा जांभई देतों तेव्हां ती नळी उघडते. लहान मुलास ही युक्ति ठाऊक नसते, म्हणून त्या वेळीं त्यास दूध किंवा पाणी पाजावें. विमानांतील अन्न अळणी लागतें ही तक्रारहि अशीच तपासून पाहण्यासारखी आहे. कोरड्या व विरळ हवेंत नाक सुकतें आणि मिठाची व साखरेची चव जिभेस मंद लागते. दोष पुष्कळदां स्वयंपाक्याचा नसून आपल्या जिभेचा असतो. कारण कळलें म्हणजे राग अर्धा होतो, असा आमचा अनुभव आहे. आणि म्हणूनच ज्ञान हें सौजन्याचें मोठें साह्य आहे असें आम्ही मानतों.

आतां लहानसहान गोष्टी. खुर्ची मागें करावयाची तर एकदां मागें वळून पाहावें व हळूहळू करावी. जेवणाच्या वेळीं ती सरळ असावी. मधल्या जागेवरील प्रवाशास ना खिडकी ना वाट, तेव्हां दोन्ही बाजूंचे हात टेकावयाचे दांडे त्यास सोडून देणें हाच न्याय होय. मोबाइलवरील गाणें किंवा चित्रपट कानांस यंत्र लावूनच ऐकावा; आपल्या आवडीचें गाणें सर्वांनाच आवडतें हा मोठा भ्रम आहे. समोरच्या पडद्यास बोट लावतांना तो पडदा कोणाच्या तरी डोक्यामागें आहे हें विसरूं नये. विमान उतरून थांबतांच सर्वांनीं एकदम उठून वाटेंत दाटी केल्यानें दार लवकर उघडत नाहीं. आणि शेजारीं कोणी प्रथमच प्रवास करणारे वृद्ध असतील, त्यांस पट्टा, पडदा किंवा शौचकूपाचें दार उघडतां येत नसेल, तर हंसूं नये, दाखवावें. जें आपणांस आज सोपें वाटतें तें कोणीतरी एकदां आपणांसहि दाखविलेलेंच असतें.

विमानसेविका व सेवक यांच्याविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळी येथेंच चुकतात. १९३० सालीं अमेरिकेंत एलन चर्च या पहिल्या विमानसेविका झाल्या. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या. अन्न-पाणी देणें हें या लोकांच्या कामाचें दिसणारें अंग आहे. त्यांचें मुख्य काम आपला जीव सांभाळणें हें आहे. त्यांस “ए” म्हणून हांक मारणें, चुटकी वाजविणें, अंगास हात लावणें, हें असभ्यपणाचें लक्षण होय. “कृपा करून” व “आभारी आहों” या शब्दांस वजन नसतें. ते कितीहि बरोबर नेले तरी सामानाचें भाडें वाढत नाहीं. ज्यांस शब्दांनीं समजत नाहीं त्यांच्यासाठीं आपल्या देशाच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें २०१७ सालीं नियम केले: शिवीगाळ करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवास धोका होईल असें वर्तन करणाऱ्यास दोन वर्षें किंवा अधिक काळ विमानप्रवास बंद. नियम असावेतच, परंतु आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या नियमांच्या भयानें सभ्य राहावें अशी आमची अपेक्षा नाहीं.

यावर कोणी म्हणतील, “आम्हीं तिकिटाचे पैसे मोजले आहेत, आम्हीं कां म्हणून सोसावें?” पैसे मोजले हें खरें. पण त्यांत खुर्ची मिळाली, शेजाऱ्याच्या मुलाचें मौन मिळालें नाहीं. आणि पैसे शेजाऱ्यानेंहि तितकेच मोजले आहेत. दुसरे कोणी म्हणतील, हें सारें साहेबांचें अनुकरण आहे. आम्हांस तें मुळींच मान्य नाहीं. एस. टी. च्या गाडींत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास पाहून “या बाबा, टेका इथं” म्हणत जागा करून देणारा शेतकरी कोणत्या साहेबाकडे शिकावयास गेला होता? आगगाडीच्या डब्यांत शिदोरी सोडली म्हणजे समोरच्यास “घ्या दोन घांस” म्हटल्यावांचून आपल्या आया घांस घेत नसत. “सरकून बसा” हे दोन शब्द आपल्या सबंध प्रवासशास्त्राचें सार आहेत. विमानांत खुर्च्या सरकत नाहींत, म्हणून मनानें सरकावें लागतें, इतकाच भेद.

येथें एक इशारा दिला पाहिजे. सौजन्य म्हणजे अन्याय मुकाट्यानें सोसणें नव्हे. कोणी मद्य पिऊन त्रास देत असेल, किंवा शेजाऱ्याचा हात जेथें नसावा तेथें येत असेल, तर लाजेनें अथवा भिडेनें गप्प राहूं नये. ही गोष्ट आम्ही आमच्या मुलींस विशेषेंकरून सांगतों. ताबडतोब उठावें, सेविकेस स्पष्ट शब्दांत सांगावें व जागा बदलून मागावी. जेथें तक्रार रास्त आहे तेथें ती करणेंच योग्य. रास्त तक्रार आणि नुसती चिडचिड यांतील भेद ओळखतां येणें, हेंच शिक्षणाचें फळ.

सौजन्य म्हणजे वरवरची शोभा आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हानेदाची हकीकत आठवावी. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरतांना जपान एअरलाइन्सचें एक मोठें विमान धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलें व पेटलें. लहान विमानांतील सहांपैकीं पांच जण मरण पावले, ही त्या दिवसाची शोकाची बाजू. मोठ्या विमानांत ३६७ प्रवासी व १२ कर्मचारी होते. आंत धूर भरत होता; ध्वनिक्षेपक बंद पडला होता; आठ दारांपैकीं तीनच उपयोगांत आणतां आलीं. कर्मचारी कर्ण्यांतून व ओरडून सूचना देत होते. प्रवाशांनीं सामान वरच्या कप्प्यांत तसेंच ठेविलें, सांगितलें त्याप्रमाणें ते ओळीनें दारांकडे गेले, आणि सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. पुढें तें विमान जळून राख झालें. त्या गर्दींत पहिल्या शंभरांनीं आपापली पेटी काढण्यास थोडा थोडा वेळ घेतला असता, तर मागच्यांचें काय झालें असतें याचा विचार वाचकांनींच करावा. संकटाच्या क्षणीं मनुष्य नवें वर्तन शिकत नाहीं. जें रोज करीत आला तेंच तो करितो. रोज रांग मोडणारा त्या दिवशींहि रांगच मोडील.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस विमानांत नेण्यापूर्वीं त्यांस उपदेश करण्याची फार खटपट करूं नये. त्यांच्यादेखत आपण स्वतः नीट वागावें. विमानसेविकेशीं बाप कसा बोलतो हें मूल पाहतें, आणि तें जन्मभर विसरत नाहीं. आणि मुलांनो, विमानाचा योग तुम्हांस केव्हां येईल तो येवो, सराव मात्र आजच करतां येतो. या शाळेच्या एकेका बाकावर तुम्ही तिघे तिघे बसतां. मधल्याचें कोपर कोणास लागतें, कोणाची पिशवी कोणाच्या पायांत येते, कोणी आजारी असून गप्प बसला आहे, हें सर्व तेथेंहि असतेंच. तो बाक आणि ती खुर्ची यांच्या रुंदींत फारसा फरक नाहीं. ज्यास या बाकावर सरकून बसतां येतें, त्यास पस्तीस हजार फुटांवर बसण्याची वेगळी विद्या शिकावी लागणार नाहीं.